पाठीवर आठ किलो: जळकोटहून एकट्याने अमेरिका

जळकोट सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. लहानपणापासून आम्ही प्रवास बघत आलो, पण तो दुसऱ्यांचा. ट्रक, ट्रॅव्हल्स, तुळजापूरला निघालेले भाविक, सगळे आमच्या दारावरून जातात. १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाविरुद्धची पोलीस कारवाई सुरू झाली तेव्हा सोलापूरकडून निघालेलं भारतीय लष्करही याच रस्त्याने आलं. नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेऊन ते जळकोटवरून पुढे गेलं आणि त्याच दिवशी दुपारी उमरग्यात पोचलं. असा रस्ता उंबऱ्याशी असूनही पाठीवर सॅक टाकून एकट्याने लांब जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "एकटाच? कशाला?"

मी महिनाभर अमेरिकेत असा एकटा फिरून आलो. परतल्यापासून गावातली मुलंमुली विचारतात: व्हिसा कसा मिळाला, झोपलास कुठे, खाल्लंस काय. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळी कृती एकदा लिहून ठेवतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की अमेरिकेचा सराव अमेरिकेत पोचून करायचा नसतो. तो नळदुर्गात करायचा.

सरावाच्या दोन फेऱ्या

चाळीस लिटरची सॅक घ्या. जे जे नेणार ते सगळं भरा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. माझी पहिल्यांदा चौदा किलो भरली. तशीच घेऊन एसटीने नळदुर्गला गेलो. किल्ल्याच्या तटावरून फिरलो, उपळ्या बुरुजाच्या उंच पायऱ्या चढून उतरलो, बंधाऱ्यावरून पाणीमहालापर्यंत गेलो. पावसाळा होता, नर-मादी धबधबे जोरात पडत होते, पण माझं लक्ष सगळं खांद्यांकडे. पट्टे रुतून लाल वळ उठले होते. त्या संध्याकाळी घरी येऊन जाड जीन्स काढली, बुटांचा दुसरा जोड काढला, टर्किश टॉवेल काढला, दोन पुस्तकं काढली. आठ किलोवर काटा आला तेव्हा थांबलो. तुम्हीही आठावर थांबा.

टॉवेलच्या जागी सुती पंचा घ्या. अंग पुसायला, उन्हात डोक्याला गुंडाळायला, सामायिक खोलीतल्या पलंगाला पडदा म्हणून, भाकरी बांधायला, सगळ्याला तोच. तासाभरात वाळतो आणि घडी मुठीत मावते. सॅक पाठीवर घेताना आधी कमरेचा पट्टा आवळायचा, मग खांद्यांचे. वजन कमरेच्या हाडावर बसलं पाहिजे, खांद्यांनी फक्त तोल धरायचा. जड वस्तू मधोमध, पाठीला चिकटून ठेवा.

दुसरी फेरी येडशीच्या रामलिंगला करा. तिथली माकडं खाऊची पिशवी लांबूनच ओळखतात. रानात खाणं उघड्यावर ठेवायचं नाही, हा धडा तिथे फुकटात मिळतो. परतताना एक रात्र तुळजापुरात अनोळखी माणसांसोबत सामायिक खोलीत काढा. पासपोर्टऐवजी आधार कार्ड उशाखाली ठेवून झोपा, सकाळी ठरल्या वेळी घरी फोन करा. ही रात्र नीट गेली, तर परदेशातल्या हॉस्टेलची रात्रही जाईल.

कागद

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे आडनाव आधी, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. माझ्या जन्मतारखेत एका कागदावर महिना चुकला होता, तो दुरुस्त होईपर्यंत अख्खा हंगाम गेला. म्हणून पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी दाखला, आधार आणि पॅन शेजारी शेजारी मांडून एकेक अक्षर जुळवा. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये असतं, तो प्रौढांना दहा वर्षं चालतो, आणि अर्ज सरकारी संकेतस्थळावर स्वतःला भरता येतो. पोलीस पडताळणीच्या वेळी घरी हजर राहा.

फिरायला जाण्याचा अमेरिकी व्हिसा बी-१/बी-२ या वर्गाचा. डीएस-१६० नावाचा अर्ज ऑनलाइन भरायचा. त्यात गेल्या पाच वर्षांतल्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांची नावंही विचारतात, ती खरी द्यायची. शुल्क १८५ डॉलर आहे, ते परत मिळत नाही, आणि वाढत असतं म्हणून भरायच्या दिवशी पुन्हा तपासा. मग मुंबईत दोन वेगळ्या खेपा होतात. एकदा बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्यांदा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. मुलाखतीची तारीख मिळायलाच कधी कधी महिने लागतात, तेव्हा विमानाचं तिकीट आधी काढू नका.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. अमेरिकेच्या कायद्यानुसार अधिकारी असं धरूनच चालतो, की समोरचा माणूस तिकडेच राहायला निघालाय. तुम्ही परत येणार हे तुमच्या उत्तरांतून त्याला पटायला हवं. शेती, नोकरी, दुकान, घरची माणसं, जे खरं असेल ते दोन वाक्यांत सांगा. मुंबईत मुलाखत मराठीतूनही देता येते. इंग्रजी अडखळत असेल तर बिनधास्त मराठी मागा. खोटं बँक स्टेटमेंट बनवून देणारे एजंट प्रत्येक शहरात भेटतात. त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. एकदा खोटं उघड झालं की अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

आणखी एक. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहता येतं असं नाही. विमानतळावर उतरल्यावर जो मुक्काम मंजूर होतो त्याची तारीख आय-९४ या नोंदीत असते. त्याच दिवशी ती नोंद उघडून तारीख वहीत उतरवून ठेवा.

पैसा

तिथे यूपीआय चालत नाही. फॉरेक्स कार्ड एक, बँकेचं आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेलं कार्ड एक, आणि दोनेकशे डॉलर रोख. दोन कार्डं दोन वेगळ्या जागी ठेवा. मी महिन्याचा हिशेब असा मांडला: हॉस्टेलच्या सामायिक खोलीतला पलंग रात्री पन्नास डॉलरच्या आसपास, खाणं दिवसाला वीस-पंचवीस, रेल्वेचा पास, उद्यानांचं शुल्क. विमान सोडून अडीच-तीन हजार डॉलर लागतात. प्रवासविमा या हिशेबात आधी धरा, उरले तर काढू असं म्हणू नका. तिकडे हाड मोडलं तर दवाखान्याचं बिल एकराच्या भावाने येतं.

दुकानातल्या किमतीवर कर वेगळा लागतो आणि बसून जेवलात तर पंधरा ते वीस टक्के टिप द्यायची रीत आहे. माझं जेवण बहुतेक हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातच झालं.

मार्ग

गाडी चालवायची गरज नाही. ॲमट्रॅक या रेल्वेचा एक पास आहे, ४९९ डॉलरचा, तीस दिवसांत दहा टप्पे. गाडीत चढलात की एक टप्पा संपतो, म्हणून उगाच मधे उतरू नका. माझा मार्ग असा: न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, शिकागो, तिथून कॅलिफोर्निया, योसेमिटी, लॉस एंजेलिस, ग्रँड कॅन्यनसाठी फ्लॅगस्टाफ आणि परत शिकागो. हे सगळं दहाच्या आत बसतं. वॉशिंग्टनला दोन दिवस जास्त ठेवा, कारण तिथली स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट आहेत.

शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलला जाणारी कॅलिफोर्निया झेफिर ही गाडी चुकवू नका. सुमारे ३,९०० किलोमीटर, बावन्न तासांच्या आसपास, दोन रात्री. साधी खुर्ची मागे कलते, झोप लागते. पहिला दिवस सपाट शेतांचा. मक्याची शेतं संपतच नाहीत, आणि शेतकऱ्याच्या पोराला ती बघताना कंटाळा येत नाही. दुसऱ्या दिवशी रॉकी पर्वत. बोगदे, मग कोलोरॅडो नदी रुळांच्या शेजारी लागते आणि तासन्‌तास सोबत येते. एका डब्याला छतापर्यंत काचा आहेत. तिथे सकाळी लवकर जाऊन जागा धरा.

शहरात

दिवसा उजेडी पोचेल अशीच गाडी निवडा. पहिल्या रात्रीचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाइल बंद पडू शकतो. हॉस्टेलच्या कपाटाला कुलूप आपलं आपल्याला लावावं लागतं, घरूनच एक छोटं न्या. नळाचं पाणी सहसा पिण्यासारखं असतं, बाटली भरून घ्या. अडचणीत ९११ लावा. एखादा माणूस अंगावर येऊन बोलायला लागला तर थांबू नका, दुकानात शिरा.

एकटेपणा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो, विशेषतः संध्याकाळी. तो येणार हे धरून चाला. घरी बोलायची वेळ पक्की ठेवा. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा जळकोटात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ झालेले असतात, आई चुलीपाशीच असते. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत. गणपतीच्या दिवसांत गेलात तर आरतीला उभं राहा, कोणी परकं मानत नाही.

मुलींच्या घरच्यांसाठी सांगतो. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये पतीला मागे ठेवून बोटीने अमेरिकेला गेल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियात शिकून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीदानाला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे १८८८ पर्यंत त्या देशात ठिकठिकाणी फिरून व्याख्यानं दिली आणि परतून मराठीत प्रवासाचं पुस्तक लिहिलं. आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण हवं असेल तर परभणी जिल्ह्यातले पत्रकार विष्णुदास चापके २०१६ ते २०१९ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले.

रानात

२०२६ पासून परदेशी पाहुण्यांना राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास २५० डॉलरला पडतो. पास नसेल तर ग्रँड कॅन्यन आणि योसेमिटी धरून अकरा गर्दीच्या उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा लागतात. दोनापेक्षा जास्त अशी उद्यानं करणार असाल तर पासच घ्या. योसेमिटीला मर्सेड स्थानकावरून बस जाते आणि दरीत फुकट बस फिरते. तिथे अस्वलं आहेत. खाऊच काय, साबण, टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवायची नाही, लोखंडी पेटीत ठेवून कडी लावायची. रामलिंगची माकडं तेव्हा आठवतात.

ग्रँड कॅन्यनची रीत आपल्या गडांच्या उलटी आहे. गडावर आधी चढायचं असतं, दमलेले पाय उतरून घरी येतात. इथे तुम्ही २,१०० मीटर उंचीच्या काठावर उभे असता, दरी खाली दीड किलोमीटरहून खोल. उतरताना पाय हलके पडतात, वाऱ्याने बरं वाटतं, आणि प्रत्येक वळणावर वाटतं, अजून थोडं. खरा चढ परतताना, टळटळीत उन्हात. उन्हाळ्यात तळाशी चाळीस अंशांच्या वर तापतं. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असे फलक जागोजागी लावलेत, ते अनुभवातून लावलेत.

म्हणून असं करा. पहाटे निघा. तुमच्याकडे सहा तास असतील तर दोन तास उतरा आणि घड्याळ बघून वळा, कितीही बरं वाटत असलं तरी. मी ब्राइट एंजल वाटेने पहिल्या विश्रांतिघरापर्यंत, म्हणजे दीड मैल गेलो. खडकाचा रंग पायाखाली बदलत जातो, वर पांढुरका, मग तांबूस, आणि लाल धूळ बुटांवर बसते ती मुरमाच्या रस्त्यावरची असावी तशी. तिथे खारे शेंगदाणे खाल्ले, पाणी प्यायलो, वळलो. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर अंगातलं मीठ उतरून चक्कर येते, सोबत खारं हवंच. वाटेवरचे नळ पाइप फुटला की बंद असतात, निघण्याआधी रेंजरला विचारा. फोनला रेंज नसते. आज कुठे जातोय आणि किती वाजता परतणार हे हॉस्टेलमध्ये सांगा आणि घरीही लिहून पाठवा.

शिदोरी

सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. भाकरी पापडासारखी वाळलेली असते, महिना टिकते, रेल्वेत चटणीला थोडं तेल लावून खाल्ली की पोट भरतं. हॉस्टेलच्या भातावर मेतकूट. दुधाचे पदार्थ, मांस, ताजी फळं आणि बियाणं नेऊ नका, आणि जे न्याल ते विमानतळावरच्या अर्जात लिहा. लिहिलेल्या पदार्थासाठी दंड होत नाही, लपवलेल्यासाठी होतो.

माझी चाळीस लिटरची सॅक घरी खुंटीला आहे. कमरेचा पट्टा अजून मजबूत आहे. जळकोटातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला नळदुर्गची फेरी करायची आहे, त्यांनी ती घेऊन जावी आणि आल्यावर झटकून पुढच्याला द्यावी.