परसबागेतील गोगलगायी आणि साधे सापळे

परसबागेत गोगलगायींसाठी लावलेला सापळा बहुधा स्वतः काहीच मारत नाही. तो त्यांना एका जागी जमवतो आणि पुढचे काम माणसाला करावे लागते, हे ध्यानात न घेतल्यामुळे सापळे लावूनही रोपे कुरतडली गेल्याचा अनुभव अनेक बागप्रेमींना येतो. ओले गोणपाट वाफ्याच्या कडेला टाकून तसेच विसरले, तर दिवसा ऊन चुकवण्यासाठी अंधारी, दमट जागा धुंडाळणाऱ्या या प्राण्याला आयता निवारा मिळतो आणि खालच्या मऊ मातीत अंडी घालण्याचीही सोय होते.

महाराष्ट्रात सर्वाधिक उपद्रव देणारी जात म्हणजे मूळची पूर्व आफ्रिकेतील मोठी शंखी गोगलगाय होय. विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने 1847 मध्ये ती मॉरिशसहून कोलकात्यास आणली, आणि 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव जिल्ह्यांतील कोवळ्या सोयाबीनची तिने नासाडी केली. ती उभयलिंगी असते, म्हणजे एकाच प्राण्यात नर आणि मादी अशी दोन्ही जननेंद्रिये असतात. शिवाय एका समागमातील शुक्राणू साठवून ती पुढेही अंडी घालू शकते, आणि एका खेपेस साबुदाण्यासारखी शंभराहून अधिक अंडी मातीत पुरते. म्हणून उन्हाळी सुप्तावस्थेतून, म्हणजे शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून काढलेल्या विश्रांतीतून, पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडणाऱ्या मोठ्या गोगलगायी वेचण्यातच निम्मे यश असते.

यासाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट तिन्हीसांजेला वाफ्यालगत पसरावे, त्याखाली पपईची पाने किंवा कोबीचा पाला ठेवावा आणि ऊन चढण्याआधी ते उचलून खाली जमलेल्या गोगलगायी गोळा कराव्यात. हातमोजे घालण्यास कंटाळू नये, कारण मेंदूच्या आवरणास सूज आणणारा एक सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा सूक्ष्म जंत, त्यांच्या शरीरात असू शकतो. गोळा केलेल्या गोगलगायी बादलीतील साबणाच्या किंवा मिठाच्या तीव्र द्रावणात बुडवून मग खोल पुराव्यात. ते खारे पाणी मात्र वाफ्यात ओतू नये आणि गोगलगायींवर मीठ फेकण्याची लोकप्रिय पद्धतही टाळावी, कारण त्याची किंमत अखेर मातीच मोजते.

साखरेच्या पाण्यात यीस्ट आंबवून ते वाटीत भरण्याचा दुसरा प्रकार छोट्या गोगलगायींना आणि शंख नसलेल्या शेंबड्यांना उपयोगी पडतो; मोठी गोगलगाय उथळ वाटीतून सहज बाहेर येते. वाटी मातीत पुरताना तिची कड जमिनीपासून बोटभर वर ठेवावी, म्हणजे गोगलगायींची अंडी व पिले खाणारे उपकारक भुंगेरे तीत पडत नाहीत.

वाफ्याभोवती कोरड्या चुन्याचा पट्टा ओढण्याची शिफारस सर्वत्र आढळते, पण एक जोरदार सर आली की त्याचा प्रभाव ओसरतो. मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या प्रभावी असल्या, तरी कुत्र्यांना त्या प्राणघातक ठरू शकतात, त्यामुळे अंगणात पाळीव जनावर किंवा लहान मूल असेल तेथे त्यांचा विचारच करू नये. रोपवाटिकेतून नवी कुंडी आणताना तिचा तळ आणि मातीचा वरचा थर तपासावा, कारण अंडी अनेकदा याच वाटेने घरात येतात, आणि ती वेळीच सापडली तर सापळ्यांची संख्याही कमी लागते.