चराऊ जमिनींतील जड धातू व आपली गव्य द्रव्ये

वत्सनाभ, कुपीलु, गुग्गुळ इत्यादींच्या शोधनाकरिता गोमूत्र वा गोदुग्ध घेताना ते ताजे आहे का, एवढे आपण पाहतो. गाय कोठे चरली हे सहसा विचारीत नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची कारणे सांगताना वायू, उदक व काल यांच्यासमवेत देशाची विकृतीही सांगितली आहे. त्या देशविकृतीचा विचार आम्ही येथे टेंभुर्णी परिसरापुरता करीत आहोत.

आपल्याकडील माळराने या दृष्टीने बहुधा निर्धोक आहेत. शंका येते ती दोन ठिकाणी. पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेची पट्टी हे पहिले. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, तथापि मातीत मुरलेले शिसे अनेक दशके तेथेच राहते. मात्र रस्त्यापासून काही दशक मीटर दूर गेल्यावर त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. दुसरे ठिकाण उजनीचा गाळ. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांवाटे या जलाशयात येते आणि धातू बारीक गाळाच्या कणांना चिकटतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की हिरवा चारा नेमका तेथेच मिळतो.

आपली काळी चुनखडीयुक्त जमीन अल्कधर्मी असल्याने तीत शिसे फारसे विरघळत नाही व मुळांवाटे गवतात अल्पच चढते. कॅडमियम तुलनेने अधिक चढते. परंतु जनावर केवळ गवत खात नाही. चरणाऱ्या गुरांच्या शुष्क आहारात १ ते १८ टक्के माती आढळल्याची निरीक्षणे आहेत. मेंढ्यांत याहून अधिक. दहा किलो शुष्क चाऱ्यात दहा टक्के धरले तरी दिवसाला एक किलो माती पोटात जाते. खुरटे गवत उपटून खाण्याच्या दिवसांत हे प्रमाण वाढते.

पोटात गेलेल्या शिशाचा थोडाच अंश शोषला जातो, उरलेले शेणावाटे बाहेर पडते. शोषलेले मुख्यतः अस्थींत साठते, कॅडमियम वृक्क व यकृतात. दुधात उतरलेले शिसे केसीन या प्रथिनाशी बद्ध असते, म्हणून घृतात ते कमी व तक्रात अधिक राहावे. आमच्या मते खरी चिंता गोमयाची आहे. पुटासाठी गोवऱ्या वापरताना शरावसंपुट नीट सांधलेले असल्यास औषध राखेपासून अलिप्त राहते. गोमयाच्या राखेचे दंतमंजन करणाऱ्यांनी मात्र विचार करावा: जळताना सेंद्रिय भाग जातो आणि धातू राखेत एकवटतात.

हीच गोष्ट चारीकाठच्या माक्याची व रस्त्याकडेच्या दूर्वांची. २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यानंतर निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जानेवारी २००६ पासून धातुपरीक्षण बंधनकारक झाले. मर्यादा शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम अशा आहेत. वनस्पतीचा एकच नमुना धुण्यापूर्वी व धुतल्यानंतर तपासावा. फरक मोठा निघाल्यास दोष वरच्या धुळीचा, आणि तो धुण्याने जातो. फरक न निघाल्यास ती जागाच सोडावी.

गोपालकाकडे गोठ्याजवळ जुन्या बॅटऱ्या वा रंगाचे डबे पडले आहेत का, हेही पाहावे. स्फुरदाच्या कमतरतेने जनावरे अखाद्य वस्तू चाटतात. दात खाणे, आंधळेपणा, तोल जाणे ही लक्षणे दिसल्यास पशुवैद्यास बोलवावे व त्या कळपाची गव्ये घेणे थांबवावे.