लांब दौडीच्या घोड्याचे मीठ आणि पाणी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९५५ साली एका दिवसात १०० मैल घोडा चालविण्याची शर्यत सुरू झाली. वाटेतील नाक्यांवर पशुवैद्य घोडे तपासतात व अयोग्य घोड्यास तेथेच थांबवितात. लांब दौडीत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार आढळते. घामाने निथळणारा घोडा हौदाशी येतो, पाणी हुंगतो आणि मान फिरवितो. त्याला तहान नाही, असे स्वार समजतो.

ही समजूत घातक आहे. माणसाचा घाम रक्तापेक्षा अळणी असल्यामुळे घाम गेल्यावर रक्त खारट होते व तहान लागते. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतका किंवा त्याहून खारट असतो. पाण्याबरोबर क्षारही निघून गेल्याने रक्ताचा खारटपणा वाढत नाही, आणि शरीर कोरडे पडत असूनही तहान जागी होत नाही. कडक उन्हात ताशी १० लिटरांहून अधिक घाम जाऊ शकतो. दर लिटरामागे सुमारे १० ग्रॅम क्षार जातात. त्यांत क्लोराइड सर्वांत अधिक, मग सोडियम व पोटॅशियम.

तहान जागविण्याचे साधन मीठच होय. दौडीनंतर प्रथम लिटरास ९ ग्रॅम मीठ घातलेले पाणी देऊन मग गोडे पाणी पुढे ठेवल्यास घोडा एकंदरीत अधिक पाणी पितो. ही सवय मात्र घरीच लावावी. ऐन दौडीच्या दिवशी नव्या चवीस जनावर तोंड लावीत नाही. तापलेल्या घोड्यास पाणी पाजू नये, हा जुना समज सोडून द्यावा. मीठ आठवडाभर आधी चारून साठविता येत नाही. जादा मीठ मूत्रावाटे जाते. भरपूर वैरण मात्र आतड्यात पाणी व क्षार धरून ठेवते.

वाटेत चाटण द्यावयाचे झाल्यास साधे मीठ २ भाग व पोटॅशियम क्लोराइड १ भाग घ्यावे. खाण्याचा सोडा घालू नये. क्लोराइड गमावल्याने रक्त आधीच अल्कधर्मी झालेले असते. मुळीच पाणी न पिणाऱ्या घोड्यास चाटण कदापि देऊ नये, कारण ते रक्तातील पाणी आतड्यात ओढून घेते.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट न झाल्यास, हिरड्या कोरड्या पडल्यास किंवा पोटातील गुरगुर मंदावल्यास दौड थांबवावी. कधी कूस हृदयाच्या ठोक्याबरोबर उडू लागते. ती साधी उचकी नव्हे. रक्तातील कॅल्शियम व इतर क्षार घटल्याची ती खूण आहे. अशा घोड्यास तेथेच सावलीत उभे करून पशुवैद्यास बोलवावे.