मातीविना वाढणारी मुळे

सर्पगंधा ही जेमतेम कमरेइतकी वाढणारी लहानशी वनस्पती आहे. तिची पांढरी-गुलाबी फुले सुंदर असतात. परंतु वैद्यांनी तिला मान दिला तो तिच्या मुळांसाठी. निद्रानाश व उन्माद यांवर ही मुळे आपल्या देशात शतकानुशतके दिली जात. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील त्यांचा गुण जगापुढे मांडला. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी त्या मुळांतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले.

ही कीर्ती सर्पगंधेला फार महाग पडली. पान खुडले, फळ तोडले, तरी झाड जगते. मूळ उपटले की झाडच संपते. मुळांची मागणी वाढत गेली, तसतशी रानातील सर्पगंधा विरळ होत गेली. अखेर १९९० साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. मग झाड न मारता मूळ मिळवावे कसे?

या प्रश्नाचे एक उत्तर मातीतील सूक्ष्म जीवाणूने सुचविले. झाडाला जखम झाली, की हा जीवाणू तेथे चिकटतो आणि आनुवंशिक गुण ठरविणाऱ्या आपल्या घटकांपैकी, म्हणजे जनुकांपैकी, काही झाडाच्या पेशींत घालतो. त्या जागी केसांसारख्या बारीक मुळांचा झुबका फुटतो. झाडाच्या दृष्टीने हा रोगच होय. शास्त्रज्ञांनी मात्र त्यालाच कामास लावले.

प्रयोगशाळेत पानाच्या तुकड्याला जखम करून तेथे हा जीवाणू लावतात. काही आठवड्यांत मुळे फुटली, म्हणजे ती कापून घेतात व प्रतिजैविकांनी जीवाणूचा नाश करतात. जीवाणू जातो; त्याने दिलेली जनुके मात्र राहतात. ही मुळे साखर व क्षार मिसळलेल्या निर्जंतुक द्रवात ठेवली, की माती, पाने व सूर्यप्रकाश यांवाचून झपाट्याने वाढतात आणि औषधी द्रव्येही तयार करतात. १९९३ साली मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी हा प्रयोग सर्पगंधेवर केल्याचे प्रसिद्ध केले.

तथापि, चंबूत साधते ते मोठ्या टाकीत सहज साधत नाही. मुळे एकमेकांत गुंततात, मधल्या मुळांना पुरेशी हवा मिळत नाही, आणि खर्चही बराच येतो. म्हणून सर्पगंधेची शेतात लागवड करणे आणि रानात तिला जपणे, ही कामे आजही आवश्यकच आहेत. शिवाय, प्रयोगशाळा कितीही पुढे गेली, तरी प्रयोगासाठी लागणारे पहिले पान जिवंत झाडाचेच असावे लागते.