दमेकऱ्याच्या घरची झाडलोट

आमच्या अहमदपूर भागांत दसरा काढण्याचे व सोयाबीनच्या राशीचे दिवस बहुधा लागूनच येतात. राशीच्या भुसकटांत जुन्या माळवदाच्या मातीची भर पडते. निरोगी माणसाचें ती धूळ शिंकेवर भागते. फुप्फुसांचा जुनाट विकार असलेल्यास तीच धाप लावते. बिडीस कधीं न शिवलेल्या गृहिणीसही चुलीच्या धुरानें हा विकार जडतो, आणि झाडलोट मात्र तिच्याच वाट्यास येते. हें काम घरांतील धडधाकट माणसानें करावें, असें आम्ही आग्रहानें सुचवितों.

झाडतांना रोग्यानें बाहेर बसावें व धूळ बसेपर्यंत आंत येऊं नये. कोरडी केरसुणी न फिरवितां ओल्या फडक्यानें पुसावें. ब्लीचिंग पावडर व संडासाचें ॲसिड कदापि एकत्र करूं नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो. राशीचे कपडे बाहेरच उतरावे.

रोग्यास हलकें काम करणें भागच पडल्यास तें बसून, थांबत थांबत करावें, ओठ आंवळून श्वास हळू सोडावा व डॉक्टरांनीं दिलेला औषधाचा पंप हाताशीं ठेवावा. त्यानेंही धाप न शमल्यास विलंब न करतां दवाखाना गांठावा.