शिकारी कुत्रा : निवड व जोपासना
(कारवानी, पश्मी व मुधोळ)

बैल घ्यावयाचा झाला तर आपण चार बाजार फिरतों, दांत पाहतों, खांदा चाचपतों, चालवून पाहतों आणि मग किंमतीची गोष्ट बोलतों. कुत्रा मात्र पुष्कळदां नुसत्या हौसेनें घरीं येतो. साधा गांवठी कुत्रा असला तर त्यांत मोठें नुकसान होत नाहीं. मिळेल त्यांत तो गुजराण करतो. परंतु कारवानी, पश्मी किंवा मुधोळ या शिकारी कुत्र्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा सारा गुण धांवण्यांत आहे. ज्यास धांवावयास वाट मिळत नाहीं असा कुत्रा थोड्याच दिवसांत घरादारास उपद्रव होऊन बसतो, आणि जो मोकाट सुटतो तो धन्यास कायद्याच्या कचाट्यांत नेतो. म्हणून पिल्लूं आणण्यापूर्वीं काय पहावें, आणल्यावर त्यास कसें वाढवावें आणि त्याच्या वेगास कोणती वाट द्यावी, याचा विचार येथें क्रमानें केला आहे.

जातीची ओळख.— शिकारी कुत्रे दोन प्रकारचे असतात. कांहीं नाकानें माग काढतात. कांहीं डोळ्यांनीं सावज हेरून वेगानें गांठतात. कारवानी हा दुसऱ्या प्रकारांतला. सोलापूर, लातूर, नांदेड या बाजूस व त्यांस लागून असलेल्या कर्नाटकांत ही जात पिढ्यान् पिढ्या पाळली जाते. पश्चिम व मध्य आशियांतून व्यापारी तांड्यांबरोबर आलेल्या कुत्र्यांपासून ती झाली असें परंपरेनें मानतात, आणि कारवान या शब्दावरूनच तिचें नांव पडलें असें सांगतात. आंखूड, गुळगुळीत केसांचा तो कारवानी. कान, पाय व शेंपटी यांवर रेशमासारखे लांब केस असलेला तो पश्मी. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं या कुत्र्यांच्या पैदाशीस आश्रय दिला व एक जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांस नजर केली, त्यामुळें मुधोळ हें नांव दूरवर गेलें. २००५ सालीं टपाल खात्यानें देशी कुत्र्यांचीं चार तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळ होता. बागलकोट जिल्ह्यांत मुधोळजवळ तिम्मापूर येथें बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचें या जातीसाठीं संशोधन केंद्र आहे. २०१६ सालीं मीरत येथील सैन्याच्या केंद्रांत मुधोळचीं पिलें शिक्षणासाठीं नेण्यांत आलीं. अशा रीतीनें आपल्या माळावरच्या या जनावराची योग्यता आतां सर्वमान्य झाली आहे.

आधीं स्वतःची परीक्षा.— पिल्लूं पाहण्यास जाण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. रोज सकाळीं व संध्याकाळीं कुत्र्याबरोबर अर्धा-अर्धा तास घालविणारें माणूस घरांत आहे काय? त्यास मोकळें सोडतां येईल अशी कुंपणाची किंवा निर्धोक जागा आहे काय? दहा-बारा वर्षें त्याचें खाणें, लस व औषधपाणी चालविण्याची तयारी आहे काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल तरच पुढें जावें. केवळ दारांत बांधून राखण करावयाची असेल तर गांवठी कुत्रा शंभर पटींनीं बरा. तो भुंकतोही अधिक आणि मागतोही कमी.

पिलाची निवड.— सात-बारा पाहिल्यावांचून आपण जमीन घेत नाहीं. त्याप्रमाणें आईबाप पाहिल्यावांचून पिल्लूं घेऊं नये. निदान आई तरी समक्ष पहावी. ती भित्री, चावरी किंवा रोगट असेल तर पिल्लूं कितीही देखणें असो, हात आंखडता घ्यावा. शर्यतीच्या हौसेनें पुष्कळ ठिकाणीं विलायती ग्रेहाउंडचा संकर केला जातो. तशीं पिलें वेगवान निघालीं तरी तीं अस्सल जातीचीं नव्हेत; अस्सल म्हणून त्यांची किंमत देऊं नये. तसेंच भाऊ-बहीण किंवा बाप-लेक अशा जवळच्या नात्यांतली पैदास टाळावी. तींत दोष लवकर उमटतात.

चांगल्या कुत्र्याचीं लक्षणें अशीं : डोकें लांब व अरुंद, जबडा बळकट, डोळे मोठे, लांबट व पाणीदार, कान खालीं पडलेले व डोक्यास लागून, मान लांब, छाती खोल, पोट वर ओढलेलें, कंबर किंचित् कमानदार व मांसल, मांड्या भरीव, पाय सरळ, पंजे लांबट व घट्ट, शेंपूट लांब, निमुळतें व टोकास वांकलेलें. वाढलेल्या कुत्र्याची खांद्यापाशीं उंची सुमारें २४ ते २९ इंच व वजन साधारण २० ते ३० किलो असतें. रंग पिवळसर, तांबूस, काळा, राखी कसाही असूं शकतो. रंगावर भाळूं नये.

पिल्लूं आठ आठवड्यांचें झाल्यावरच आईपासून तोडावें. त्याआधीं तोडलेलें पिल्लूं अंगानें अशक्त व स्वभावानें भित्रें होतें. पिलांच्या घोळक्याजवळ शांतपणें बसावें. जें आपण होऊन जवळ येतें, हुंगतें, टाळी वाजविली तर दचकून पुन्हां सावरतें, तें घ्यावें. कोपऱ्यांत दडून राहणारें घेऊं नये. डोळ्यांत चिपडें, नाकांतून स्राव, बेंबीजवळ फुगवटा किंवा शेंपटीखालीं घाण चिकटलेली असल्यास टाळावें. अंग कृश व पोट मात्र नगाऱ्यासारखें असेल तर जंत झाले आहेत असें समजावें. नर की मादी, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. पण मादी घेणारानें ती माजावर येईल तेव्हां तिला सुरक्षित ठेवण्याची तजवीज आधींच करावी. दोन वर्षांपूर्वीं तिला फळवूं नये. गर्भकाळ सुमारें ६३ दिवसांचा असतो.

आहार.— तीन महिन्यांपर्यंत दिवसांतून चार वेळां, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां व पुढें दोन वेळां खाणें द्यावें. ज्वारीची भाकरी, वरण, ताक किंवा सोसेल तेवढें दूध हा आपल्याकडील नेहमींचा आहार; परंतु नुसत्या भाकरीवर या जनावराचे स्नायू बनत नाहींत. अंडीं, मांस किंवा मासळी यांची जोड दिलीच पाहिजे, विशेषतः पहिल्या वर्षांत. पाणी नेहमीं ताजें असावें.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. ही जात अंगानेंच सडपातळ आहे. शेवटच्या दोन-तीन बरगड्या किंचित् दिसणें हें तिचें निरोगी रूप होय. तें पाहून शेजारी "कुत्रा उपाशी ठेवलात" म्हणतात आणि धनी त्यास लठ्ठ करतो; मग सांधे दुखावतात व वेग जातो.

आपल्या शेतांतल्या दोन जिनसा कुत्र्यास विषासमान आहेत. द्राक्षें व बेदाणे यांनीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. कांदा व लसूण यांनीं रक्त नासतें, मग ते कच्चे असोत वा शिजलेले. बाग व कांदाचाळ असणारांनीं हें घरांतील मुलांसही सांगून ठेवावें. शिजवलेलीं हाडें तुकडे होऊन आंतडें फाडतात, तींही देऊं नयेत. छाती खोल असल्यामुळें पोट फुगून जठरास पीळ पडण्याचा धोका या जातीस आहे. म्हणून धांवण्यापूर्वीं व धांवल्यावर निदान तासभर खाणें देऊं नये. पोट ढोलासारखें होऊन कुत्रा ओकारीचा प्रयत्न करूं लागला व कांहीं बाहेर पडेना, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां तत्काळ पशुवैद्याकडे न्यावा.

व्यायाम.— कारवानी कुत्रा दिवसभर पळत नाहीं. थोडा वेळ वाऱ्यासारखा धांवतो व मग घटकान् घटका स्वस्थ पडून राहतो. पण ती थोडी धांव त्यास रोज मिळालीच पाहिजे. ती न मिळाल्यास तो खड्डे खणतो, दोरी चावतो, कोंबड्या व शेळ्यांच्या मागें लागतो, आणि आपण म्हणतों कुत्रा वाईट निघाला. वास्तविक कुत्रा वाईट नसतो. त्याचा वेग कोंडलेला असतो.

पिल्लूं एक वर्षाचें होईतों त्यास स्वतःच्या मर्जीनें बागडूं द्यावें. कांहीं तरुण लहान पिलांस मोटारसायकलीमागें डांबरी रस्त्यावर पळवितात. ही रीत घातक आहे. कोंवळ्या हाडांचीं टोकें अजून जुळावयाचीं असतात, तीं दुखावलीं म्हणजे कुत्रा जन्माचा अधू होतो. मोठ्या कुत्र्यासही मऊ मातीवर, नांगरटीच्या कडेनें किंवा माळावर धांवूं द्यावें. लांब दोरीस चिंधी बांधून ती ओढीत नेली तर त्यामागें तो जिवाभावानें धांवतो. सावजावांचून शिकारीचा आनंद त्यास मिळतो. उन्हाळ्यांत सूर्योदयापूर्वीं व सूर्यास्तानंतरच त्यास बाहेर काढावें. उन्हानें जीभ गडद लाल होऊन तो झोकांड्या खाऊं लागल्यास सावलींत नेऊन अंगावर साधें पाणी ओतावें, वारा घालावा व दवाखाना गांठावा.

शिकवण.— डोळ्यांनीं शिकार करणाऱ्या कुत्र्याचा एक स्वभाव आहे : सावज दिसलें कीं त्याचे कान बंद होतात. म्हणून "ये" म्हणतांच परत येण्याची संवय लहानपणींच लावावी. प्रत्येक वेळीं आल्यावर घांसभर कांहीं द्यावें. उशिरां आला म्हणून मारूं नये, कारण मार खाल्लेला कुत्रा दुसऱ्या खेपेस दूरूनच परततो. कोंबड्या, शेळ्या व वासरें यांची ओळख तीन-चार महिन्यांच्या वयांतच दोरींत धरून करून द्यावी. हा कुत्रा मनानें हळवा असतो. काठीनें तो शिकत नाहीं, धन्यापासून तुटतो.

निवारा व शेतांतले धोके.— केस आंखूड व चरबी कमी, म्हणून थंडींत गोणपाटाचें अंथरूण व ओल नसलेली जागा हवी. कठीण जमिनीवर निजल्यानें कोंपरांस घट्टे पडतात. कातडी पातळ असल्यामुळें काटेरी तारेनें ती सहज फाटते. धांवत्या कुत्र्याची नजर पुढें असते, पायाखालीं नसते. शिवारांत कठड्यावांचूनच्या विहिरी असतील तेथें त्यास मोकळा सोडूं नये. उंदरांसाठीं ठेवलेलें विष, व त्या विषानें मेलेला उंदीर, दोन्ही प्राणघातक आहेत.

आजार व लस.— सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांच्या लसी पशुवैद्याच्या सल्ल्यानें सुरू कराव्यात व सोळा आठवड्यांपर्यंत त्यांच्या मात्रा पुऱ्या कराव्यात. रेबीजची लस तीन महिन्यांस व पुढें वेळच्या वेळीं द्यावी; तींत हयगय म्हणजे कुटुंबाच्या जिवाशीं खेळ. जंतांचें औषध पिलांस वरचेवर व मोठ्यांस दर तीन महिन्यांनीं द्यावें. गोचीड चावून येणारा ताप या कुत्र्यांस मारक होतो. रोज कान, मान व बोटांमधील बेचके तपासावे. पिकावर फवारण्याचें औषध गोचिडांसाठीं कुत्र्याच्या अंगास लावण्याची चूक कोणीं करूं नये; कुत्रा तें चाटतो व विषबाधा होते. शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास जात कोणती तें डॉक्टरांस आधीं सांगावें, कारण कांहीं गुंगीचीं औषधें अशा सडपातळ जातींच्या अंगांतून सावकाश उतरतात.

कायदा.— पूर्वीं हा कुत्रा सशाच्या व हरणाच्या शिकारीसाठीं पाळीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती गोष्ट बंद केली आहे. या कायद्यांत शिकार म्हणजे केवळ ठार मारणें नव्हे. वन्य प्राण्याचा पाठलाग करविणें, त्यास हांकून नेणें व तसा प्रयत्न करणें हेंही तींत येतें. रान आपल्या मालकीचें आहे, ही सबब चालत नाहीं. सोलापूरकडील नान्नज किंवा कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी अशा काळविटांच्या मुलुखालगत ज्यांचीं शेतें आहेत, त्यांनीं तर कुत्रा कुंपणाबाहेर मोकाट सोडूंच नये.

दुसऱ्या बाजूस १९६० चा प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. फार आंखूड किंवा जड साखळीनें जनावर गैरवाजवी वेळ बांधून ठेवणें, तसेंच नेहमीं बांधलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणें, हे दोन्ही त्या कायद्यान्वयें गुन्हे आहेत. सारांश, एक कायदा म्हणतो मोकाट सोडूं नका, दुसरा म्हणतो डांबून ठेवूं नका. दोहोंच्या मधली वाट म्हणजे धन्याचा रोजचा तासभर वेळ. तो देणें शक्य असेल त्यानेंच ही जात पाळावी.

उपयोग व समारोप.— शिकार बंद झाली म्हणून हा कुत्रा निरुपयोगी झाला असें नव्हे. दोरींत धरून पिकाभोंवतीं फेरी मारली तर त्याची तीक्ष्ण नजर दूरची हालचाल टिपते. कुंपणाच्या आंत सोडला तर परक्या माणसाची पाऊल टाकण्याची छाती होत नाहीं. खंडोबाच्या मूर्तींत घोड्याशेजारीं कुत्र्यास स्थान आहे. आपल्या वाडवडिलांनीं त्यास सोबती मानलें, शोभेची वस्तु नव्हे. ही जात टिकावी असें ज्यांस वाटतें त्यांनीं पिलांचा बाजार न मांडतां थोडीं व निरोगी पिलें जन्मास घालावींत, आणि तीं देतांना घेणाराच्या पैशाआधीं त्याचें अंगण, त्याचें कुंपण व त्याची सवड पहावी. पिल्लूं विकत घेणारानें जितकें पारखावें, तितकेंच देणारानेंही घेणारास पारखावें, हा एकच नियम पाळला गेला तरी या मुक्या जनावराचें निम्में दुःख टळेल.