पहिले शील आणि सशाचा डोळा

वर्षावासात नांदेडच्या एका विहारात पंचशिलाचा वर्ग घेत होतो. दहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, माझ्या पावडरीसाठी ससा आंधळा झाला असेल, तर माझे पहिले शील मोडले काय?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून हा पाठ.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९४४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ यांनी एक चाचणी मांडली. सशाच्या डोळ्यात पदार्थ घालायचा आणि डोळा किती लाल होतो, किती सुजतो, हे पुढे काही दिवस पाहायचे. प्रसाधनांसाठी हीच रीत जगभर चालली. आपल्याकडे या क्रौर्याविरुद्ध बोलणारी 'ब्यूटी विदाऊट क्रुएल्टी' ही संस्था १९७४ साली पुण्यात सुरू झाली. २०१४ साली भारतात प्रसाधनांच्या अशा चाचण्यांवर बंदी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अशी चाचणी झालेल्या परदेशी मालाच्या आयातीवरही.

आता धम्माची कसोटी लावू. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. रोग्याच्या औषधाचा प्रश्न अवघड आहे; तेथे घाईने निकाल देऊ नये. पण ओठांच्या रंगासाठी कोणती गरज?

बांधवांनो, आपल्या वाडवडिलांनी मेलेली गुरे ओढली, म्हणून त्यांना अपवित्र ठरविले गेले. जिवंत सशाच्या डोळ्यात रसायन घालणाऱ्याला मात्र कोणी विटाळ मानला नाही. पवित्रता हातांच्या कामात नसते, चित्तातील करुणेत असते, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

व्यवहारात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, वेष्टन वाचावे. हिरवा ठिपका घटक शाकाहारी असल्याचे सांगतो, चाचणीविषयी काही सांगत नाही. दोन, उडी मारणाऱ्या सशाचे मान्यताप्राप्त चिन्ह पाहावे. नुसते सशाचे चित्र पुरेसे नाही. तीन, कंपनी इतर देशांत चाचण्या करविते काय, हे पत्राने विचारावे. यासाठी महाग माल घेण्याची किंवा कर्ज काढण्याची गरज नाही. लातूरच्या बाजारातला साधा साबणही याच कायद्याखाली येतो.

त्या मुलीला मी उत्तर दिले, "बाळ, शील मोडते ते चेतनेने. आजवर तुला ठाऊक नव्हते, म्हणून दोष नाही. आता ठाऊक झाले. यापुढची डबी तू जाणून घेशील."

अभ्यासासाठी प्रश्न : आपल्या घरातील कोणती वस्तू गरजेची आणि कोणती केवळ हौसेची? यादी करून विहारात चर्चा करावी.

जयभीम.